उन्हाळ्यातील ऊन पावसाळ्यासाठी: दुर्गम इमारती आणि हायड्रोजनचा साठा

झाशी शहरातील सीपरी बाजारात वीज गेली, तर दुकानदाराला चिंता असते ती तास-दोन तासांची. तेवढा वेळ इन्व्हर्टरची बॅटरी निभावून नेते आणि मग तारेतून वीज पुन्हा येते. याच झाशी जिल्ह्यात गरौठा येथे ६०० मेगावॉट क्षमतेच्या सौर ऊर्जा उद्यानाची पायाभरणी १९ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली. अशा उद्यानातील वीज ग्रिडमध्ये जाते आणि सूर्य मावळला की ग्रिडवरील इतर केंद्रे उरलेला भार उचलतात. मात्र जेथे ग्रिडची तारच पोहोचत नाही, तेथे काय करावयाचे? सीमेवरील लष्करी ठाणे, समुद्रातील बेट किंवा डोंगरातील वस्ती यांना दिवसा मिळालेली वीज स्वतःच साठवावी लागते. हा साठा किती काळ पुरवावयाचा आहे, यावरच तो बॅटरीत करावयाचा की हायड्रोजनमध्ये, हे ठरते.

झाशीपासून जवळच बेतवा नदीकाठी पारीछा औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्राच्या आवारातील कोळशाचा ढीग हाही ऊर्जेचा साठाच असतो. तो महिनाभर पडून राहिला, तरी त्यातील ऊर्जा फारशी घटत नाही. ऊन आणि वारा यांचा मात्र असा ढीग रचता येत नाही. हायड्रोजन हा तो ढीग रचण्याचा एक प्रयत्न आहे.

त्याची रीत शाळेतील प्रयोगाइतकी सोपी आहे. पाण्यातून वीजप्रवाह सोडला की पाण्याचे हायड्रोजन आणि प्राणवायूमध्ये विघटन होते. त्यातील हायड्रोजन टाकीत भरून ठेवावयाचा. गरज पडेल तेव्हा इंधनघटात, म्हणजेच फ्युएल सेलमध्ये, त्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग घडवावयाचा. त्यातून वीज, उष्णता आणि पुन्हा पाणी मिळते. धूर नाही, राख नाही.

अडचण आहे ती हिशेबाची. एक किलो हायड्रोजन तयार करण्यासाठी नऊ लिटर शुद्ध पाणी आणि साधारणपणे ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्याच एका किलोपासून इंधनघटातून परत मिळते ती सुमारे १६ युनिट वीज. म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक ऊर्जा वाटेतच खर्ची पडते. लिथियमची बॅटरी मात्र दहापैकी नऊ युनिट परत देते. एका रात्रीपुरती वीज हायड्रोजनमध्ये साठवणे म्हणजे शेजारच्या गावी जाण्यासाठी आगगाडी भाड्याने घेण्यासारखे आहे.

पण प्रश्न चार महिन्यांचा असेल, तर चित्र पालटते. दिवसाला चार युनिट वीज वापरणाऱ्या एका घराला १२० दिवसांसाठी ४८० युनिट लागतील. वर्षातून जेमतेम एकदा भरून रिकामी होणारी एवढी मोठी बॅटरी बसविणे कोणालाही परवडणारे नाही. हायड्रोजनच्या रूपात हीच ऊर्जा सुमारे ३० किलोंत मावते. आकारमान मात्र प्रचंड असते. नेहमीच्या हवेच्या दाबाला एक किलो हायड्रोजन सुमारे ११ घनमीटर जागा व्यापतो, म्हणजे ३० किलोंना ३३० घनमीटर जागा हवी. म्हणूनच तो शेकडो पट दाबाने सिलिंडरमध्ये कोंबावा लागतो किंवा धातूंच्या मिश्रणात शोषून ठेवावा लागतो. या दुसऱ्या पद्धतीवर बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. ओंकारनाथ श्रीवास्तव यांनी अनेक वर्षे संशोधन केले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

ही कल्पना आजची नाही. डेन्मार्कमधील आस्कोव्ह येथे पॉल ला कूर या शिक्षकाने १८९० च्या दशकात पवनचक्कीच्या विजेपासून हायड्रोजन तयार केला आणि त्यावर शाळेचे दिवे अनेक वर्षे चालविले. हायड्रोजनमध्ये थोडा प्राणवायू मिसळला गेल्याने स्फोट होऊन शाळेच्या खिडक्यांची तावदाने त्यांना अनेकदा बदलावी लागली, अशी नोंद आहे. पुढे भारताचे नागरिकत्व स्वीकारणारे शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही १९२३ मध्ये केंब्रिज येथील व्याख्यानात पवनचक्क्या आणि हायड्रोजनचे साठे यांवर चालणाऱ्या देशाचे चित्र रंगविले होते.

आधुनिक काळात नॉर्वेच्या उत्सिरा बेटावर २००४ मध्ये दहा घरांसाठी असा प्रकल्प उभारण्यात आला. वारा पडला, तरी तेथील साठा दोन-तीन दिवस पुरत असे. प्रकल्प २००८ पर्यंत चालला. कल्पना प्रत्यक्षात उतरते हे त्याने दाखवून दिले, मात्र इंधनघट अपेक्षेइतका टिकत नाही, हेही तेथेच दिसले.

भारतात एनटीपीसीने डिसेंबर २०२१ मध्ये आंध्र प्रदेशातील सिंहाद्री येथील आपल्या अतिथिगृहासाठी अशी स्वतंत्र यंत्रणा जाहीर केली. जवळच्या तरंगत्या सौर प्रकल्पातून वीज घेऊन २४० किलोवॉटच्या यंत्राने हायड्रोजन तयार करावयाचा आणि सायंकाळी ५ ते सकाळी ७ या वेळेत ५० किलोवॉटच्या इंधनघटातून वीज द्यावयाची, अशी ती योजना. चौदा तासांत ७०० युनिट मिळतील, तर दिवसा आठ तास यंत्र पूर्ण क्षमतेने चालविण्यास १,९२० युनिट लागतील. वर सांगितलेला तोटा येथे उघड दिसतो. सिंहाद्रीला तारेची वीज उपलब्ध आहे. तेव्हा या प्रकल्पाचे मोल युनिटमागच्या खर्चात नाही, दुर्गम भागासाठी घेतलेल्या तालमीत आहे.

ही तालीम ज्यासाठी, ते ठिकाण म्हणजे लडाख. सीमावर्ती ठाण्यांसाठी हायड्रोजनवर आधारित यंत्रणा उभारण्याबाबत भारतीय लष्कर आणि एनटीपीसीच्या उपकंपनीत मार्च २०२३ मध्ये सामंजस्य करार झाला. त्यानुसार चुशूल येथे सुमारे ४,४०० मीटर उंचीवर सौर-हायड्रोजन प्रकल्पाचे काम हाती घेण्यात आले असून वर्षभर, अहोरात्र २०० किलोवॉट वीज पुरविणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. आजवर अशा ठाण्यांचा भरवसा डिझेलच्या जनित्रांवर राहिला आहे. ते डिझेल घाट चढवून न्यावे लागते आणि हिमवर्षावापूर्वी हिवाळ्याचा साठा भरून ठेवावा लागतो. प्रत्येक पिंपामागे वाहन आणि जवान गुंततात. तेथे वाया जाणाऱ्या दोन तृतीयांश उन्हाची तुलना बॅटरीशी नव्हे, तर या डिझेलशी करावी लागते.

सह्याद्रीत हे गणित निराळे ठरते. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील दरेवाडी या चाळीसेक घरांच्या वस्तीत ग्राम ऊर्जा या संस्थेने २०१२ मध्ये सुमारे साडेनऊ किलोवॉटचे सौर ग्रिड उभारले. त्याचा साठा बॅटरीत होता आणि तेच योग्य होते. पावसाळ्यात ढग दाटले, तरी पॅनेल पूर्णपणे थंडावत नाहीत. काही जादा पॅनेल आणि थोडी मोठी बॅटरी हाच अशा वस्तीला स्वस्त उपाय आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली, तरी त्याचा मुख्य रोख खत, पोलाद आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांवर आहे. आदिवासी पाड्यांच्या दिव्यांचा प्रश्न त्यातून सुटेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

सुरक्षिततेचा विचारही जागेनुसार बदलतो. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की ते मिश्रण पेट घेऊ शकते आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. हा वायू अत्यंत हलका असल्याने वर जातो. त्यामुळे साठ्याची खोली इमारतीपासून वेगळी ठेवणे आणि छताशी झरोके ठेवणे इष्ट ठरते. लडाखच्या थंडीत मात्र झरोका उघडा ठेवणे हीच अडचण होऊन बसते. उणे ३० अंशांत विघटनासाठीचे पाणी गोठू द्यायचे नाही, हे दुसरे काम. इंधनघटात विजेबरोबर बाहेर पडणारी उष्णता दरेवाडीसारख्या ठिकाणी वाया गेली असती. चुशूलसारख्या ठिकाणी तीच उष्णता पाणी वितळलेले ठेवण्यासाठी आणि जवानांच्या खोल्या उबदार ठेवण्यासाठी वापरता येते.