छप्पन गाणी, अठराशे प्रयोग

हंगाम सुरू झाला की आमच्या वारणानगरच्या रस्त्याला रात्र अशी उरत नाही. कारखान्याकडे ट्रॅक्टर चाललेले असतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस आणि चालकाने मोठ्याने लावलेली गाणी. दोन्ही ट्रॉल्या मिळून वीसेक टन माल भरतो. हा आकडा आधीच सांगून ठेवतो. कारण मैफलीच्या मोठ्या पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्या सुरात ओढून बसवल्या की सगळ्यांचा मिळून ताण तेवढाच होतो, अठरा-वीस टन. दोन ट्रॉल्यांचा भार आतली बिडाची चौकट रात्रंदिवस सोसत असते. वाद्याचे वजन पाचशे किलोच्या घरात, पट्ट्या ८८.

आपली पेटी त्यापुढे केवढीशी! तीन-साडेतीन सप्तके, वजन दहा-बारा किलो, एका हाताने भाता आणि दुसऱ्याने सूर. एसटीच्या सीटखाली सरकवून नेता येते. या पेटीवर बसून आमच्याच कोल्हापुरात जन्मलेल्या एका माणसाने जे केले, त्याचा हिशेब मी कित्येक दिवस वहीत मांडतो आहे. पण त्यासाठी आधी पियानोवाल्याकडे जायला हवे, म्हणजे माप हाताशी येईल.

पियानोवर बसून गाणारा म्हटले की जगाला एल्टन जॉन आठवतो. त्याच्या निरोपाच्या दौऱ्याचे कार्यक्रम २०१८ ते २०२३ या काळात ३३० झाले आणि साठ लाखांवर माणसे ऐकायला आली. २०११च्या जनगणनेत सगळ्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या पावणेएकोणचाळीस लाख होती. म्हणजे दीड जिल्हा तिकीट काढून एका माणसासमोर बसला. तिकिटांचे उत्पन्न ९३ कोटी डॉलरच्या वर गेले.

मात्र त्याचा सर्वांत मोठा आकडा एका गाण्याचा आहे. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये राजकन्या डायनाच्या अंत्यविधीत त्याने जुन्याच चालीवर नवे शब्द गायले आणि त्या गाण्याच्या ३ कोटी ३० लाख प्रती खपल्या. सीडीची जाडी सव्वा मिलीमीटरही नसते. सगळ्या प्रती सीडीच्याच धरल्या आणि एकीवर एक रचल्या, तर ढीग चाळीस किलोमीटरला टेकतो. आडवा पाडला तर वारणानगरहून निघून कोल्हापूर ओलांडून पुढे जाईल. प्रत्येकाने आपली प्रत एकदाच लावली आणि गाणे चार मिनिटांचे धरले, तरी लागोपाठ ऐकायला अडीचशे वर्षे लागतील. त्यातला सगळा नफा डायनाच्या स्मृतिनिधीला गेला, तीन कोटी पौंडांहून अधिक. १९९२ मध्ये त्याने एड्सग्रस्तांसाठी काढलेल्या संस्थेने आजवर ६० कोटी डॉलरच्या वर निधी उभा केला आहे. आपल्या पैशात ढोबळ पाच हजार कोटी रुपये. दर माणशी दोन रुपये वर्गणी धरली, तर एवढी रक्कम जमवायला २,५०० कोटी माणसे लागतील. पृथ्वीवर आहेत आठशे कोटी. तिच्यासारख्या तीन पृथ्व्या लागल्या असत्या.

हा दोन रुपयांचा आकडा मी सहज घेतलेला नाही. त्याच्याकडे परत येऊ.

एल्टन जॉन स्वतःच्या गाण्यांचे शब्द सहसा लिहीत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. १९६७ पासून त्याचे शब्द बर्नी टॉपिन लिहितो. आधी कागद येतो, मग हा पियानोवर बसतो. आपल्याकडे हे नाते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. गदिमांनी कागद द्यायचा आणि बाबूजींनी पेटी पुढे ओढायची.

बाबूजी म्हणजे सुधीर फडके. मूळ नाव रामचंद्र विनायक फडके, जन्म २५ जुलै १९१९, कोल्हापूर. गाण्याचे पहिले धडे इथलेच, वामनराव पाध्यांकडे. पुढे हलाखी, गावोगाव भटकंती, मग एच.एम.व्ही. आणि प्रभात. हा सगळा प्रवास त्यांच्या चाहत्यांना पाठ आहे, म्हणून मी थेट १९५५ च्या रामनवमीला येतो.

१ एप्रिल १९५५, शुक्रवार. पुणे आकाशवाणीवरून सकाळी पावणेनऊला गीतरामायणाचे पहिले गाणे गेले. कल्पना आकाशवाणीच्या सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, म्हणजे गदिमांचे, संगीत फडक्यांचे. सांगतात की पहिल्या गाण्याचा कागद ऐनवेळी हरवला. माडगूळकर चिडले, पुन्हा लिहायला तयार होईनात. शेवटी लाडांनी त्यांना खोलीत बसवून बाहेरून दार लावले आणि पंधरा मिनिटांत गाणे पुन्हा कागदावर उतरले. वर्षाचे आठवडे बावन्न म्हणून बावन्न गाणी ठरली होती. त्या वर्षी अधिक महिना आला आणि ती छप्पन झाली. पंचांगाने मराठी माणसाला चार गाणी जास्त दिली!

वाल्मीकींचे रामायण चोवीस हजार श्लोकांचे. त्याला छप्पनने भागून पाहा. एकेका गाण्याच्या वाट्याला सव्वाचारशेहून अधिक श्लोक येतात. एवढी कथा तीन-चार शब्दांच्या ओळींत बसवायची, पुन्हा प्रत्येक गाणे राम, सीता, कौसल्या अशा त्या त्या पात्राच्या तोंडी द्यायचे. चालींसाठी छत्तीस राग वापरल्याचे सांगितले जाते. पंधरा मिनिटांचा एक कार्यक्रम धरला तर सगळ्याचे मिळून चौदा तास भरतात.

चौदा तास हा आकडा छोटा दिसतो. त्यामागचा आठवडा डोळ्यांपुढे आणला की तो छोटा राहत नाही. कागद हाती यायचा, चाल बांधायची, गायक ठरवायचा, वादकांची तालीम घ्यायची, ध्वनिमुद्रण करायचे, आणि शुक्रवार झाला की पुन्हा कोरा कागद. असे छप्पन वेळा, एका रामनवमीपासून दुसरीपर्यंत. एकही शुक्रवार रजा मागत नाही. मी स्वतः पेटीवर थोडेफार बोट फिरवतो. एक साधी चाल मनासारखी बसायला मला महिना पुरत नाही. त्यामुळे या छप्पन शुक्रवारांपुढे मला एल्टन जॉनचे चाळीस किलोमीटरही कमी वाटतात, आणि हे मी मनापासून लिहितो आहे.

मग प्रयोग सुरू झाले. रेडिओवर अनेकांच्या गळ्यांतून गेलेले रामायण बाबूजी रंगमंचावर एकट्याने, स्वतः पेटी वाजवत गाऊ लागले. देशात आणि परदेशात मिळून त्यांचे सुमारे अठराशे प्रयोग झाले. १९५८ पासून अखेरपर्यंतची चव्वेचाळीस वर्षे धरली, तर सरासरी दर नऊ दिवसांना एक. प्रयोग तीन तासांचा धरला तर ५,४०० तास होतात, म्हणजे न झोपता, न उठता सलग २२५ दिवस. दसऱ्याला बसलेला माणूस वैशाखात उठेल! एल्टनच्या त्या दौऱ्याला वर्षानुवर्षे चाललेली यंत्रणा होती, ध्वनीची, दिव्यांची, वाहनांची. इकडे एक पेटी, दोन-तीन साथीदार आणि समोर सतरंजीवर बसलेले लोक.

त्यांच्या सार्वजनिक कामाचा विषय निघाला की बहुतेक जण संगीतावरून लगेच राजकारणावर जातात. मला त्यात पडायचे नाही. मला दिसते ते असे, की या माणसाने गाण्याची मिळकत आणि ओळख आयुष्यभर स्वतःबाहेरच्या कामाला लावली. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीत पोर्तुगीजांचा अंमल होता. मुलूख ४९१ चौरस किलोमीटरचा, मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा थोडा मोठा. तो सोडवायला निघालेल्या तरुणांकडे पैसा नव्हता. फडक्यांनी लता मंगेशकरांना गळ घातली, पुण्यात त्यांचा कार्यक्रम लावला आणि त्यातून निधी उभा राहिला. नंतर फडके स्वतः आणि त्यांच्या पत्नी ललिताबाईही मोहिमेत उतरले. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले. तारखा शेजारी ठेवून पाहा. ऑगस्टच्या पावसात मोहिमेवर असलेला माणूस पुढच्या चैत्रात पुण्याच्या स्टुडिओत रामाच्या चाली बांधतो आहे. मधे जेमतेम आठ महिने.

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, पण त्या लढ्यात पकडले गेलेले, आपल्या शेजारच्या सांगलीचे मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. शिक्षा २६ वर्षांची. त्यांच्या सुटकेसाठी समिती झाली. तिच्या कामात फडके वर्षानुवर्षे होते. रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये, अटकेनंतर तेरा वर्षांनी.

आता ते दोन रुपये. १९७६ मध्ये गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी माणशी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा चित्रपट तयार झाला. वारणानगरात हे गणित कुणाला नवे नाही. तात्यासाहेब कोरे यांनी माळावर कारखाना उभा केला तो शेतकऱ्यांच्या शेअरच्या रकमेतून. दूध संघ, शाळा, कॉलेज, बालवाद्यवृंद, सगळे याच मुळातून फुटले. बालवाद्यवृंदाच्या पोरांच्या हातातले वाद्य कुण्या एका धनिकाने दिलेले नाही. त्यात कुणाचा तरी ऊस आहे, कुणाचे तरी दूध आहे.

फडक्यांनी आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात नेमका हाच रस्ता धरला. सावरकरांवरचा चित्रपट त्यांना लोकांच्या पैशातून करायचा होता. निर्माता गाठून एका धनादेशावर काम उरकता आले असते. त्यांनी तसे केले नाही. वर्षानुवर्षे कार्यक्रम केले, देणग्या मागितल्या, सत्तरी ओलांडली, ऐंशी गाठली. दिग्दर्शन वेद राही यांचे. विषयाविषयी मतभेद असणाऱ्यानेही ही चिकाटी वहीत लिहून ठेवावी अशी आहे.

एल्टन जॉनच्या पाच हजार कोटींशी या वर्गणीची तुलना करायला मी बसलो होतो. आकडा मांडला आणि खोडला. पाच हजार कोटींत जगभरच्या बड्या देणगीदारांचे धनादेश आहेत, ते योग्यच आहे, त्यातून माणसे जगली. पण नोटा मोजून सभागृहातून बाहेर पडणारा, वयाची ऐंशी गाठलेला पेटीवाला मोजायला दुसरे माप लागते, आणि ते माझ्याकडे वारणेकाठी राहून आले आहे. आमच्याकडे दुधाच्या संकलनावर अर्धा लिटरही मापून, नोंदवून घेतात.

चित्रपट १६ नोव्हेंबर २००१ ला प्रदर्शित झाला. २९ जुलै २००२ ला बाबूजी मुंबईत गेले. त्या दिवशी त्यांचे वय ८३ वर्षे आणि चार दिवस होते.