वर्तुळ लहान होते, तेव्हा

सायंकाळी वाशी किंवा नेरूळमधील एखाद्या उद्यानात क्षणभर थांबून पाहा. चाळिशीतील माणसे घड्याळाकडे पाहत झपाझप चालत असतात. बाकावरची सत्तरीतील मंडळी मात्र त्याच तीन-चार सोबत्यांशी गप्पांत रमलेली असतात. पूर्वीचा मोठा गोतावळा कुठे गेला, असा प्रश्न आपल्यालाही पडत असेल.

गोतावळा आटणे हे नेहमीच दुःखाचे लक्षण नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या मते, उरलेला काळ मर्यादित आहे हे जाणवले की माणूस औपचारिक ओळखी आपणहून कमी करतो आणि समाधान देणारी जवळची नाती जपतो. म्हणूनच उतारवयात अनेकांचे मन तरुणपणापेक्षा अधिक स्थिर असते.

मात्र आपण निवडलेले लहान वर्तुळ वेगळे आणि वाट्याला आलेला एकाकीपणा वेगळा. नवी मुंबईत हा फरक विशेष जाणवतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढील काही दशकांत अनेक कुटुंबे येथे वसली. सगळेच नवखे, म्हणून शेजारीच नातलग झाले. आता जुन्या इमारतींचा पुनर्विकास, मुलांचे दूरदेशी जाणे आणि जोडीदाराचा वियोग यांमुळे ते धागे एकेक करून सुटत आहेत.

आई-वडिलांना खारघरच्या नव्या घरी आणताना आपण त्यांची औषधे आठवणीने आणतो. त्यांची माणसे मात्र जुन्या पत्त्यावरच राहतात. ‘इथेही ओळखी करून घ्या’ एवढे सांगणे पुरेसे नसते. कोणाला भेटावेसे वाटते, ते विचारा आणि पंधरवड्यातून एकदा तरी ती भेट घडवून आणा. त्यांना नीट ऐकू येते ना, हेही तपासून घ्या. ऐकू येईनासे झाले की माणूस गप्पांतून हळूच बाजूला होतो. आवडत्या माणसांनाही टाळणे, भूक व झोप मंदावणे, उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकणे, या गोष्टी वयावर ढकलू नका. डॉक्टरांचा सल्ला घ्या.

ज्येष्ठांनो, आपल्यासाठी महापालिकेची विरंगुळा केंद्रे आहेत. अडचणीच्या वेळी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. परंतु त्याआधी, बरेच दिवस ज्यांचा आवाज ऐकला नाही, अशा एका स्नेह्याला आजच फोन करा. तिकडेही कदाचित कोणी आपल्याच फोनची वाट पाहत असेल.