संयोजी ऊतकांचे विकार आणि हृदयरोहिणीवरील उपचार

आमवात, ल्युपस, स्क्लेरोडर्मा हे केवळ सांध्यांचे वा त्वचेचे विकार नव्हेत. शरीरात सतत धुमसणाऱ्या दाहामुळे हृदयरोहिण्याही अकाली कठीण होतात. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण समवयस्क स्त्रियांच्या पन्नासपटींहून अधिक आढळले. महालातील एखाद्या गृहिणीने चाळिशीत छाती दुखते म्हटले, की घरात पित्ताची गोळी पुढे केली जाते. ल्युपस असल्यास आधी ई.सी.जी. काढावा.

मूत्रपिंड दुबळे असल्यास अँजिओग्राफीचे रंगद्रव्य बेतानेच द्यावे लागते. स्क्लेरोडर्मात बोटांचा रक्तपुरवठा आधीच तोकडा असतो, म्हणून मनगटातून नळी घालण्याचा निर्णय जपून घेतात. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांची बायपासची जखम सावकाश भरते. तथापि त्या गोळ्या परस्पर बंद करणे घातक ठरते.

खर्चाची बाजू आमच्या मेजावर येते. फेब्रुवारी २०१७ मध्ये शासनाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये ठरविली. आता आमची खरी चिंता पुढील औषधांची आहे. रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या सामान्यतः सहा ते बारा महिने घ्याव्या लागतात. मध्येच सोडल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली आयबुप्रोफेन ॲस्पिरिनचा गुण मारते.

धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला सोबत आणावा.