आरशावांचून कॅमेरा

साताऱ्याजवळच्या कास पठारावरचे व सांगलीच्या कृष्णाकांठचे फोटो हौशी मंडळी एकमेकांस दाखवूं लागली, कीं हल्लीं ‘मिररलेस’ म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचें नांव हटकून निघतें. पहिली तारीफ त्याच्या हलकेपणाची होते. ती यथार्थच आहे.

‘एसएलआर’ कॅमेऱ्यांत भिंगामागें तिरपा आरसा असतो. त्यास हलावयास जागा हवी, म्हणून यंत्र जाड. भिंगें बदलतां येणाऱ्या ‘जी १’ कॅमेऱ्यांतून २००८ सालीं पॅनासॉनिकनें हा आरसा वगळला. निकॉनच्या जुन्या ‘एफ’ पद्धतींत भिंगाच्या बैठकीपासून संवेदकापर्यंत ४६.५ मिलीमीटर अंतर असे. २०१८ च्या ‘झेड’ पद्धतींत तें १६ वर आलें.

सांगलीच्या आयर्विन पुलाचा सायंकाळीं फोटो घेतांना दुसरा लाभ कळतो : चित्र उजळ येणार कीं काळवंडणार, हें कळ दाबण्यापूर्वींच पडद्यावर दिसतें. मात्र त्या पडद्यास सतत वीज लागते. दुसरी बॅटरी जवळ असावी.

कासला जाणाऱ्या वाचकांस आम्ही एक सुचवूं. २०१२ पासून जागतिक वारशांत गणलेल्या त्या पठारावरील पुष्कळ फुलें अगदीं जमिनीलगत असतात. एकवर्षायु रोप फुलांत असतां तुडविलें गेलें, तर तें बीं धरण्यापूर्वींच संपतें. कलता पडदा असलेला कॅमेरा पायवाटेवर बसूनच खालीं धरतां येतो. फुलांत लोळण्याचें कारण उरत नाहीं. तरीहि यंत्र हलकें झालें म्हणून पाऊल आपोआप हलकें होत नाहीं; तें ज्याचें त्यानेंच जपावें. मुलांच्या हातीं कॅमेरा देतांना वडीलधाऱ्यांनीं एवढें प्रथम शिकवावें, असें आम्हांस वाटतें.