काटेसावर, कडुनिंब आणि मुरमांचे जंतू

नागझिऱ्याच्या जंगलात काटेसावरीच्या खोडाला हात लावला, की जाड बुडाचे, टोकदार काटे बोटांना लागतात. सुश्रुतसंहितेने तरुणपणी चेहऱ्यावर येणाऱ्या पुटकुळ्यांना, म्हणजे मुखदूषिकेला, याच काट्यांची उपमा दिली आहे. उपायांत लोध्र आणि वेखंडाचे लेपही सांगितले आहेत. नागझिऱ्याच्या या गोंदिया जिल्ह्यात अनेक घरांत मुरमांवर कडुनिंब आणि हळद लावतात. अशा वनस्पती जंतूंवर तपासल्या जातात, तेव्हा त्या तपासणीचा अर्थ नीट लावायला हवा.

गैरसमज : चेहरा अस्वच्छ असला की मुरमे येतात.
वस्तुस्थिती : क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जंतू निरोगी त्वचेवरही असतो. तेलग्रंथीचे तोंड बुजले, आत तेल साचले, की प्राणवायू नसलेल्या त्या जागी तो फोफावतो आणि दाह होतो. चेहरा घासून हे थांबत नाही, उलट त्वचा चिडते.

गैरसमज : प्रयोगशाळेत जंतू मेले, म्हणजे औषध सिद्ध झाले.
वस्तुस्थिती : जंतू पसरलेल्या अगरच्या बशीत अर्क घालून ती प्राणवायूविना 37 अंशांवर दोन-तीन दिवस ठेवतात. अर्काभोवती जंतू वाढले नाहीत, तर तिथे स्वच्छ वर्तुळ दिसते. शेजारी अर्क काढायला वापरलेले नुसते द्रावकही ठेवावे लागते, नाहीतर त्यातल्या अल्कोहोलचे श्रेय कडुनिंबाला जाते. शिवाय बशीत त्वचा नसते. माणसांवरची चाचणी वेगळी : ऑस्ट्रेलियात 1990 साली 124 रुग्णांवर टी ट्री तेलाची तुलना बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या औषधाशी झाली. तेलाचा गुण उशिरा आला, पण दुष्परिणामांचा त्रास कमी झाला.

गैरसमज : वर्तुळ लहान, म्हणजे वनस्पती कुचकामी.
वस्तुस्थिती : हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे अगरमध्येही नीट पसरत नाही. म्हणून जंतूंची वाढ रोखणारी किमान मात्रा स्वतंत्रपणे मोजतात. जंतू न मारता दाह कमी करणारी वनस्पतीही उपयोगी ठरू शकते. तो गुण या वर्तुळात दिसतच नाही.

गैरसमज : झाडपाल्याने अपाय होत नाही.
वस्तुस्थिती : लिंबाच्या रसाने त्वचा भाजते, हळदीचीही काहींना अ‍ॅलर्जी होते. लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. दुखऱ्या, खोल गाठी असतील तर घरगुती लेपांत महिने घालवू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे लवकर गेलात, तर चेहऱ्यावर कायमचे खड्डे पडणे टळू शकते.