कांद्याची मुळं आणि बारावीचं बायो

1975 साली दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली आणि अकरावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला. संगमनेरात महाविद्यालय 1961 पासूनच होतं, म्हणून ‘बायो’साठी पुणे-नाशिक गाठायची गरज पडली नाही. शेजारच्या अकोले तालुक्यातून, पठार भागातून पोरं एसटीच्या पासावर यायची. दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेलं, आणि अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक. दिवाळीपर्यंत वर्गात कुणी तोंड उघडत नसे.

प्रॅक्टिकलला मात्र हीच पोरं पुढे. बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवायचा, बुड पाण्याला टेकेल असा. चार-पाच दिवसांत पांढरी मुळं सुटतात. त्यांची टोकं कापून सौम्य आम्लात जरा गरम करायची, ॲसिटोकार्माइनचा थेंब टाकायचा, वर कव्हरस्लिप, टिपकागद आणि अंगठ्याचा दाब. दाब जास्त झाला की काच तडकते, कमी पडला की पेशी एकमेकींवर चढतात. नीट जमलं तर एखाद्या पेशीत गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी दिसतात. घरी कांद्याच्या चाळी असलेली पोरं ते पाहताना भिंगावरून हलायची नाहीत.

मेणाच्या ट्रेमधला, टाचण्यांनी ताणलेला बेडूक पुढे प्रॅक्टिकलमधून गेला. ते योग्यच झालं. पण नंतर बाकीचं प्रॅक्टिकलही आक्रसत गेलं. वैद्यकीय प्रवेशासाठी आधी सीईटी आली, 2013 मध्ये पहिली नीट झाली. नीटच्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे. विषयाचं वजन इतकं वाढलं, तरी पोरांचा वेळ चार पर्यायांतच जाऊ लागला. बोर्डाचे 30 गुण प्रॅक्टिकलचे आहेत, पण त्यासाठी जर्नल पूर्ण असलं की भागतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बायो घेतलेल्यांपैकी डॉक्टर थोडेच होतात. बाकीचे दूध संकलनात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, कृषी सेवा केंद्रात, नाहीतर घरच्या डाळिंबात असतात. त्यांना पुढे उपयोगी पडतो तो हाताला लागलेला सूक्ष्मदर्शक.

डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग. डाग पडलेल्या पानाचा तुकडा कापून पाण्याच्या थेंबात ठेवला, तर कापलेल्या कडेतून जिवाणूंचा धुरकट ओघ बाहेर पडताना भिंगाखाली दिसतो. बुरशीच्या डागातून तो येत नाही. ब्लेड, काचपट्टी, पाणी आणि सूक्ष्मदर्शक, एवढंच लागतं. अकरावीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला तालुक्यातल्या बागेतली पानं आणून हे दाखवावं.