मूळ, साल, फूल, पान: वनस्पतींच्या वापराबद्दलचे गैरसमज

एखादी रानवनस्पती दुर्मीळ होत चालल्याची बातमी आली की दोन उपाय लगेच सुचवले जातात. लोकांना जंगलात जाऊ देऊ नका, हा एक आणि भरपूर झाडं लावा, हा दुसरा. दोन्ही सांगणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण त्या वनस्पतीचा नेमका कोणता भाग काढला जातो, कोणत्या दिवसांत काढला जातो आणि त्यानंतर ती पुन्हा कशी वाढते, हे कुणी विचारत नाही. वनस्पती टिकणार की संपणार, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

'जंगलातून काही घेतलं की जंगल कमी होतं' हा समज आधी पाहू. विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. त्याच्या फुलाचा रसाळ भाग पहाटे आपोआप गळून पडतो आणि बीजांडकोश फांदीवरच राहतो. पुढे त्याचंच फळ होतं. म्हणजे खाली पडलेली फुलं टोपलीत भरून नेली तरी झाडाचं एकही बी कमी होत नाही. अस्वलं, हरणंही ती फुलं खातात, त्यांचा वाटा ठेवला म्हणजे झालं. नुकसान होतं ते वेगळ्याच कारणाने. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो. त्यात मोहाची कोवळी रोपं जळतात आणि आग पसरली तर डोंगरच्या डोंगर जळतो. पाचोळा झाडून घेतला किंवा झाडाखाली जाळी बांधली, तर फुलंही मिळतात आणि रोपंही वाचतात. इथे बंदी घालायची असेल तर ती आगीवर घालावी लागेल, वेचण्यावर नाही.

बांबूचंही असंच आहे. बांबू हे गवत आहे आणि त्याचा जीव जमिनीखालच्या आडव्या खोडात असतो. पावसाळ्यात नवे वास्ते म्हणजे कोंब फुटतात तेव्हा बेटाला हात लावायचा नाही, त्या वर्षीच्या कोवळ्या काठ्या सोडायच्या आणि जुन्यांपैकीही काही आधाराला राखायच्या. एवढं पाळलं तर तेच बेट वर्षानुवर्षं उत्पन्न देतं. तरीही 1927 च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांत घातलं होतं. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे तो गोळा करून विकण्याचा हक्क जंगलातल्या लोकांना मिळू शकला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 च्या एप्रिलमध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. ज्यांना पुढच्या वर्षी त्याच बेटाकडे परत यायचं असतं, त्यांना ते राखण्याचं कारण असतं. लोकांना जंगलाबाहेर ठेवूनच संवर्धन होतं, असं मानणाऱ्यांनी मेंढ्याचा अनुभव जरूर समजून घ्यावा.

दुसरा समज मला अधिक घातक वाटतो. 'वनौषधी नैसर्गिक असतात, म्हणून त्यांच्या वापराने निसर्गाला धक्का लागत नाही.' सह्याद्रीत नरक्या नावाचं लहान झाड आहे. मूळचे नंदुरबारचे रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासह एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं केलं आणि 1966 मध्ये ते जाहीर केलं. कर्करोगाच्या पेशींची वाढ ते रोखतं. हेच द्रव्य आपल्या नरक्यातही असल्याचं 1972 मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवलं. 1996 मध्ये त्याच्यापासून बनवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली आणि नरक्याच्या लाकडाला जगभरातून मागणी येऊ लागली. मग कोकणात आणि घाटमाथ्यावर झाडं बुंध्यापासून तोडून, काही ठिकाणी मुळासकट उपटून, त्यांचे तुकडे पोत्यांत भरून गेले. औषध रुग्णांचे प्राण वाचवतं, याबद्दल शंका नाही. पण ज्या झाडातून ते येतं त्याचं मूळच उपटलं, तर पुढच्या रुग्णासाठी ते कुठून आणायचं?

याला वाट आहे आणि ती वाणी-वॉल यांच्याच दुसऱ्या शोधात दिसते. 1971 मध्ये त्यांनी टॅक्सॉल या कर्करोगविरोधी द्रव्याची रचना उलगडली. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू वृक्षाच्या सालीत होतं. साल सोलली की झाड मरतं आणि ते वाढतंही अतिशय सावकाश. पुढे फ्रेंच संशोधकांनी युरोपातल्या यू वृक्षाच्या पानांतून पूर्वद्रव्य काढून औषध बनवण्याची पद्धत शोधली. पानं छाटली तर पुन्हा फुटतात. सालीकडून पानांकडे वळल्याने झाड जगतं ठेवून औषध मिळू लागलं. मात्र पानांनाही मर्यादा असते. हिमालयातल्या थुनेर या यूच्या भाऊबंदाची पानं आणि साल इतकी ओरबाडली गेली की 1995 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले.

मूळ, कंद, साल काढणं धोक्याचं आणि फळ काढणं निर्धोक, असं सरसकट म्हणता येत नाही. जुन्नर, आंबेगाव, अकोले भागातल्या आदिवासी कुटुंबांसाठी बाळहिरडा ही हक्काची मिळकत आहे. बाळहिरडा म्हणजे बी धरण्याआधीचं कोवळं फळ. डोंगरावरच्या प्रत्येक झाडाचं प्रत्येक फळ कोवळंच उतरवलं, तर जुनी झाडं हिरवीगार दिसत राहतील, पण त्यांच्याखाली एकही नवं रोप सापडणार नाही. 'झाडं दिसतात, म्हणजे सगळं ठीक आहे' हा समज म्हणूनच फसवा आहे. जंगलाची तब्येत पाहायची असेल तर नजर खाली, रोपांवर टाकावी. काही झाडं बियाण्यासाठी राखून फळं पूर्ण पिकू देणं, एवढाच इथला उपाय आहे.

'लागवड केली की प्रश्न सुटतो' हे अर्धसत्य आहे. औषधी पांढऱ्या मुसळीची आता शेती होते, हे चांगलंच झालं. पण नरक्यासारखं झाड वाढवायला वर्षं लागतात आणि जंगलातून तोडून आणलेल्या मालात त्या वर्षांची किंमत कुणीच मोजलेली नसते. चोरीचा माल स्वस्त मिळतो तोवर लागवड करणारा शेतकरी मागेच पडणार.

झाडं लावण्याच्या उत्साहाबद्दलही सांगायला हवं. कातळसडे आणि गवताळ माळ पडीक नसतात. कासच्या सड्यावर मातीचा थर पातळ आहे, म्हणूनच तिथे सीतेची आसवं, गेंद, वायतुरा फुलतात. त्यांना ऊन लागतं. अशा जागी खड्डे खोदून झाडं लावणं म्हणजे एक जैवविविधता मोडून तिच्या जागी दुसरं काहीतरी आणणं होय. कास 2012 पासून जागतिक वारसास्थळांत आहे, पण तसेच असंख्य सडे आजही सरकारी कागदांवर पोटखराबा आहेत.

बिया वाळवून साठवणाऱ्या बियाण्यांच्या बँकेवर सगळं सोपवूनही चालत नाही. आंबा, फणस, नारळ यांच्या बिया वाळवल्या की मरतात. त्यांचे वाण बागेतच टिकतात.

शेवटचा समज असा, की हे सगळं वनखात्याचं काम आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. गावातल्या वनस्पती, त्यांचे उपयोग आणि त्यांची माहिती असलेली माणसं यांची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत करणं हे तिचं काम आहे. व्यापारासाठी जैविक साधनं वापरणाऱ्या भारतीय कंपन्यांनीही लाभातला वाटा स्थानिक लोकांना दिला पाहिजे, असं उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. 2023 च्या दुरुस्तीने यात बऱ्याच सवलती दिल्या, त्यामुळे गावाकडची नोंद पक्की असणं आता जास्त गरजेचं आहे. अनेक गावांत ही वही कंत्राटावर भरून कपाटात ठेवली आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत जा आणि ती मागा. तुमच्या भागातला हिरडा, बांबू, रानभाज्या त्यात आहेत का ते पाहा आणि नसतील तर पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा.